मुलाला एका ओळीत उत्तर हवे होते

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून हयात घालवलेले ६६ वर्षांचे गृहस्थ मुलासोबत माझ्याकडे स्मृतिचाचणीसाठी आले. तिशीपासून बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, कधी खोल नैराश्य), त्यावर लिथियम हे औषध, आणि अलीकडे त्या आजाराचा मोठा झटका नाही. हे वयाचे विसरणे, डिमेन्शिया, की जुनाच आजार, हे मुलाला लेखी हवे होते.

३० गुणांच्या नेहमीच्या चाचणीत त्यांना २८ गुण मिळाले. ज्याने आयुष्यभर कीर्द-खतावणी सांभाळली, त्याला त्या चाचणीतले शंभरातून सात-सात वजा करणे जड जाणारच नव्हते. तरीही तेवढ्यावर ‘नॉर्मल’ असा शेरा मारून रुग्णाला घरी धाडण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. मी पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवली, मध्ये दुसरी यादी घातली आणि अर्ध्या तासाने पहिली विचारली. त्यांना चारच शब्द सांगता आले. मात्र तेच शब्द इतर शब्दांत मिसळून वाचले, तेव्हा त्यांनी तेरा अचूक ओळखले. म्हणजे शब्द आत पोहोचले होते, मागितल्यावर हाती लागत नव्हते. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, बहुधा असे होत नाही. तिथे नोंदच नीट होत नसल्याने आठवण देणाऱ्या खुणेचाही फारसा उपयोग होत नाही.

वय आणि बायपोलर यांची फारकत मात्र एवढ्याने होत नाही. वयानेही वेग मंदावतो आणि नावे उशिरा आठवतात. बायपोलरमध्ये मन स्थिर असतानाही लक्ष, शब्दस्मृती आणि नियोजन अनेकांत कमकुवत राहते. त्यात लिथियमने थायरॉइड मंदावले असेल किंवा रक्तातली पातळी वाढली असेल, तर विचार आणखी सुस्तावतात. गुडघ्यासाठी ते परस्पर वेदनाशामक गोळ्या घेत होते, आणि अशा काही गोळ्यांनी लिथियमची पातळी चढते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांच्या जाडजूड फाइलमध्ये झोप, भूक, चिडचिड यांच्या नोंदी होत्या. स्मृतीची एकही चाचणी नव्हती. त्यामुळे आजचे गुण मला समवयस्कांशी ताडता आले, त्यांच्या स्वतःच्या चाळिशीशी नाही.

ती उणीव थोडीफार भरून काढली त्यांच्या पत्नीने. ‘‘ह्यांचं विसरणं काय आजचं नाही, मॅडम,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मुलगा शाळेत असल्यापासून हे खिशात डायरी ठेवतात, सगळं लिहून. आता डायरी असते, पण उघडून बघायचं ध्यानात राहत नाही.’’

पहिले वाक्य जुन्या आजाराकडे बोट दाखवत होते. शेवटच्या वाक्याने मी थबकले, कारण ते विसरणे नवे होते. अहवालात लिथियमची पातळी, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासावे, वेदनाशामकाबद्दल डॉक्टरांशी बोलावे आणि बारा महिन्यांनी वेगळ्या शब्दयादीवर हीच चाचणी पुन्हा घ्यावी, असे लिहिले. निदानाच्या रकान्यात ‘अनिर्णित’ लिहिलेले मुलाला पटले नाही. फी पूर्ण घेऊन अर्धेच उत्तर दिले, असे तो बाहेर कोणाला तरी फोनवर सांगत होता.