शिवडी ते बॅलार्ड पिअर, व्हाया भाऊचा धक्का

पुण्याहून शिवडीला आम्ही सव्वातीन तासांत पोचलो. शिवडीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे मुंबईची क्रूझ सुटते तो धक्का, जेमतेम सात-आठ किलोमीटर, त्याला पावणेदोन तास लागले. क्रूझवरचे सूर्यास्ताचे फोटो सगळेच टाकतात. त्या बोटीच्या दारापर्यंत सहा माणसं, नऊ बॅगा आणि एक अडकित्ता घेऊन वेळेत कसं पोचायचं, हे मात्र आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणून लिहितेय.

बेत नोव्हेंबर 2025 चा. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. आईबाबांच्या लग्नाची पन्नाशी. आम्ही दोघं आणि आईबाबा पुण्याहून गाडीने, ताई आणि भावोजी नागपूरहून विमानाने. चेक-इन दुपारी बारा ते तीन, बोट पाचला सुटणार. तीन म्हणजे तीनच, हे तिकिटावर जाड अक्षरात होतं. बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ते वाचून हिशोब मांडला तो उलटा : तीनच्या आधी एक तास, त्याच्या आधी मुंबईचे दोन तास, त्याच्या आधी घाट. निघायची वेळ आली पहाटे साडेपाच. आम्ही सहाला निघालो, तेही त्यांच्या दृष्टीने 'लेट'च.

पुण्याहून जाणाऱ्यांचं काम अटल सेतूने खरंच सोपं केलंय. पूर्वी वाशीचा पूल, चेंबूर आणि तिथून पुढे देवाच्या हवाली असा प्रकार असायचा. आता पनवेलच्या आसपास द्रुतगती मार्ग सोडायचा, जेएनपीटी बंदराकडचा रस्ता धरायचा आणि गव्हाणच्या बाजूने सेतूवर चढायचं. जपायचं ते या मधल्या तुकड्यात. कंटेनरांच्या रांगा असतात, आणि त्यातला एखादा आडवा झाला की सगळाच खेळ थांबतो. आमच्या नशिबी पंधरा मिनिटांचाच खोळंबा आला. टोल द्रुतगतीवर 320 आणि सेतूवर 250, दोन्ही फास्टॅगमधून कापले गेले, तेव्हा आदल्या रात्री बॅलन्स बघून ठेवा. सेतू 21.8 किलोमीटरचा, त्यातले साडेसोळा समुद्रावर. वेगाची मर्यादा ताशी 100 आणि मधे थांबायला बंदी. आईला फ्लेमिंगो दिसतात का बघायचं होतं. थांबता येणार नाही म्हटल्यावर ती काचेला नाक लावून बसली. शिवडीजवळ कडेला उंच आडपडदे लागल्यावर म्हणाली, "एवढा पूल बांधला आणि खिडकीच बंद केली."

गाडीचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलला तीनशेवर गाड्यांच्या पार्किंगची सोय असल्याचं वाचलं होतं. पण तीन रात्री गाडी ठेवू देतात का, पैसे किती, याचं सरळ उत्तर फोनवर दोन ठिकाणी विचारूनही मिळालं नाही. एकाने 'हो, बहुतेक' म्हटलं. 'बहुतेक'च्या भरवशावर गाडी कोण ठेवणार? शेवटी शिवडीची मावशी कामी आली. तिच्या इमारतीत पाहुण्यांच्या गाडीसाठी सेक्रेटरींची चिठ्ठी लागते. चिठ्ठीसाठी गाडीच्या आरसीची झेरॉक्स, आणि झेरॉक्सवर मावशीची सही. हे सोपस्कार तिने आठवडाभर आधी करून ठेवले होते. सव्वानऊला आम्ही तिच्याकडे पोहे खात होतो. बाबांच्या वेळापत्रकात पहिल्यांदाच 'राइट टाइम' पडला.

ताईचा फोन वाटेतच येऊन गेला होता. विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटणार. खरं तर मी तिला आदल्या दिवशीच ये म्हणून सांगत होते, पण भावोजींना रजा नव्हती. बोटीच्या दिवशीच विमानाने येणं हा जुगार आहे. विमान रद्द झालं तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही बुडतात. तरी त्यांनी सकाळचं पहिलं विमान घेतलं, एवढं शहाणपण केलं.

अकरा वाजता आम्ही खाली उतरून दोन काळीपिवळ्या केल्या. एकीत मी, आई आणि बॅगा; दुसरीत नवरा, बाबा आणि उरलेल्या बॅगा. मी आमच्या ड्रायव्हरला 'बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट' असं सांगितलं. बाबांच्या गाडीत पत्ता बाबांनी सांगितला.

बाबांचं बालपण देवगडचं. मुंबईला यायचं ते बोटीने, 'रोहिणी' किंवा 'चंपावती'. देवगडला पडावातून बोटीपर्यंत जायचं, शिडीने वर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी उतरायचं भाऊच्या धक्क्यावर. त्यांच्या डोक्यात मुंबईतून कोकणाकडे जाणारी बोट सुटायला जगात एकच जागा. नवऱ्याने म्हणे एकदा हळूच 'बॅलार्ड पिअर' म्हटलं. त्यावर बाबा : "अरे, बोटीक जाऊचा तर भाऊच्या धक्क्यारच जाऊक व्हया!" सासऱ्यांपुढे जावई गप्प. ड्रायव्हरलाही त्यात काही खटकलं नाही. त्याचं तरी काय चुकलं? 2018 मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली होती, ती माझगावच्या बाजूच्या पर्पल गेटमधूनच निघायची. आणि मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, आजही भाऊच्या धक्क्यावरूनच सुटते. 'बोट' म्हटल्यावर टॅक्सीवाला तिकडेच नेणार.

मुंबई बंदराची ही गेटं हा एक स्वतंत्र विषय आहे. पर्पल, ऑरेंज, यलो, ब्लू, रेड, ग्रीन. नवख्याला वाटतं रंगपेटीतून नावं ठेवली असावीत. बहुतेक क्रूझवाल्यांना हवं ते ग्रीन गेट, बॅलार्ड इस्टेटमधलं. आमच्या तिकिटावर गेटचा रंगच नव्हता, नुसतं 'मुंबई बंदर'. नकाशावर तेवढंच टाकलं तर पिन भलतीकडे पडते. मला ग्रीन गेट माहीत होतं, ते ऑफिसातल्या एकीने सांगितलं म्हणून. ते मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं होतं. बाबा ग्रुपवर फक्त सुप्रभात बघतात.

पाऊण वाजता नवऱ्याचा फोन आला. मागे मासळीवाल्यांचा आरडाओरडा. "आम्ही पोचलोय, तुम्ही कुठे?" मी म्हटलं, "आम्ही पण पोचलोय." दोघंही खरं बोलत होतो. बाबा उतरून, बॅगा उतरवून, टॅक्सीचे पैसे देऊन मोकळे झाले होते. पहारेकऱ्याने 'क्रूझ? ती बॅलार्ड पिअरला' असं सांगितल्यावरही ते पाच मिनिटं तिथेच समुद्राकडे बघत उभे राहिले, असं नवरा नंतर म्हणाला. दुसरी टॅक्सी मिळवायला वीस मिनिटं गेली. पुढे पी. डिमेलो रस्त्यावर ऑरेंज गेटपाशी ट्रॅफिक तुंबलेलं. ईस्टर्न फ्रीवेची गाड्यांची रांग तिथेच खाली उतरते आणि तिथूनच मरीन ड्राइव्हपर्यंतच्या बोगद्याचं काम चालू आहे, पत्रे लावून रस्ता अरुंद केलेला. गाडीने थेट फ्रीवेवरून येणाऱ्यांनीही हा तुकडा धरूनच चालावं. सेतूवर वाचलेली वीस मिनिटं इथे सव्याज परत जातात.

आम्ही दोघीही काही सरळ पोचलो नव्हतो. आमचा टॅक्सीवाला त्याच गर्दीत अडकला, आणि बॅलार्ड इस्टेटच्या एकसारख्या दगडी इमारतींमध्ये दोनदा फिरला. पण फिरताना आईला ती शांत, सावलीची गल्ली भारी आवडली. जॉर्ज विटेटने आखलेली ही वस्ती, तोच गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुविशारद. एके काळी इथे बोटीच्या तोंडाशी आगगाडी लागायची. बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन होतं, विलायतेहून उतरलेले साहेब तिथूनच पंजाब लिमिटेडमध्ये बसून वर जात. आपण मात्र 2025 मध्ये जवळच्या भाड्याला नाही म्हणणाऱ्या टॅक्सीच्या मागे धावतो.

याचा अनुभव ताईला आला. तिचं विमान दहा-वीसला उतरलं. टर्मिनल दोनहून टॅक्सी केली असती तर पंचवीसएक किलोमीटर आणि किती वेळ ते नशीब. त्यापेक्षा त्यांनी मेट्रो धरली. भुयारी मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना तिची स्टेशनं आहेत. सामान स्कॅनरमधून घालावं लागतं, मोठ्या बॅगा असतील तर लिफ्ट शोधावी लागते, पण पाऊण तासाच्या आत ते सीएसएमटीला वर आले. सगळ्या मार्गाचं जास्तीत जास्त तिकीटही 70 रुपये. भावोजी अजून त्यावरच बोलतात.

वर आल्यावर मात्र चार टॅक्सीवाल्यांनी मान हलवली. दीड किलोमीटरसाठी, एकतीस रुपयांच्या किमान भाड्यासाठी, रांगेतला नंबर कोण घालवणार? भावोजी नागपूरचे, ते म्हणाले, "चला, चालूनच जाऊ, हे काय ऊन आहे का." जीपीओच्या बाजूने, दोन चाकांच्या बॅगा फुटपाथच्या खड्ड्यांतून खडखडत नेत, दोघं चालत ग्रीन गेटला पोचले. बारा वाजून दहा मिनिटांनी. आठशे किलोमीटरवरून आलेली माणसं आमच्या सगळ्यांच्या आधी रांगेत उभी होती, आणि ताईने ते फोटो काढून ग्रुपवर टाकलं.

विमानाने येणाऱ्यांसाठी आता आणखी एक पर्याय आहे, नवी मुंबईचा विमानतळ. आम्ही गेलो तेव्हा उद्घाटन झालं होतं पण विमानं सुटत नव्हती. ती 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाली. तिथून अटल सेतू हाकेच्या अंतरावर. पण ही भुयारी मेट्रो तिकडे जात नाही, टॅक्सीच करावी लागेल, आणि सेतूचा टोल वर. चार जण असाल तर परवडेल.

आमची दुसरी टॅक्सी एक वाजून चाळीस मिनिटांनी ग्रीन गेटला आली. बाबा खाली उतरले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ऐंशी मिनिटं हातात आहेत." दुसरं कुणीच काही बोललं नाही.

गेटवर सीआयएसएफच्या जवानाने तिकीट आणि आधार बघितलं. देशातल्या देशात जाणाऱ्याला पासपोर्ट लागत नाही, पण ओळखपत्र मूळ हवं. आमच्या पुढच्या कुटुंबाकडे एका आजोबांच्या आधारचा मोबाइलमधला फोटो होता, त्यांना बाजूला उभं केलं. ऑनलाइन चेक-इन घरूनच करून प्रिंट आणली असेल तर पुढचं पटकन होतं. टर्मिनलची इमारत नवी कोरी, सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झालेली, विमानतळासारखी चकचकीत. 72 काउंटर असल्याचं वाचलं होतं, उघडे मोजके. मोठ्या बॅगांना टॅग लावून त्या आधीच घेऊन जातात आणि संध्याकाळी खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. आमची चूक इथे झाली : बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या. ती बॅग साडेपाचला हाती आली. औषधं, चार्जर, स्वेटर असलं सगळं हातातल्या पिशवीत ठेवा.

आणि मग स्कॅनर. बाबांची कापडी पिशवी पट्ट्यावरून पुढे गेली, थांबली, मागे आली. पडद्यासमोरच्या बाईंनी पिशवीतून सुपारीचा डबा काढला, आणि डब्याखालून पितळी अडकित्ता. माझ्या आजीचा, मुठीशी घोड्याचं तोंड असलेला. "हे काय आहे?" बाबांना हा प्रश्नच कळेना. त्यांनी अडकित्ता हातात घेतला, डब्यातून सुपारी काढली आणि स्कॅनरच्या टेबलावरच कचकन दोन फाका करून दाखवल्या. मागे रांगेत कुणीतरी हसलं. बाईंनाही हसू फुटलं, पण नियम तो नियम. अडकित्ता एका पाकिटात घातला, त्यावर खोलीचा नंबर लिहिला, पावती दिली. उतरताना परत मिळेल. बाबांनी ती पावती तीन दिवस पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवली, आणि बोटीवर मिळालेली गोड मसाला सुपारी एकदा तोंडात टाकून समुद्रात थुंकायला निघाले, आईने अडवलं म्हणून बरं.

बोटीवरचं मी काही लिहीत नाही. ठीक होती. जेवण पुष्कळ, आवाज त्याहून पुष्कळ.

परत आलो त्या सकाळी उतरायला तास-दीड तास गेला, कारण सगळे एकदम उतरतात आणि मग जप्त वस्तूंची रांग वेगळी. आमच्या पुढे एक बाई छोटी इस्त्री घ्यायला आणि एक गृहस्थ स्क्रू-ड्रायव्हरचा संच घ्यायला. क्रूझवर स्क्रू-ड्रायव्हर कशाला, हे विचारायचं धाडस झालं नाही. बाबांनी पाकीट फोडून अडकित्त्याच्या धारेवरून अंगठा फिरवला, बॅगेवरच बसले आणि सुपारी कातरली. ताई-भावोजी चालत सीएसएमटीकडे निघाले. टॅक्सीचं नावही काढलं नाही.

आम्हाला शिवडीला जायचं होतं, गाडी घ्यायला. ग्रीन गेटबाहेर टॅक्सी मिळाली. या वेळी पत्ता मी सांगणार होते, पण बाबा आधीच पुढच्या सीटवर बसले होते आणि ड्रायव्हरला म्हणत होते, "शिवडी. पण भाऊच्या धक्क्यावरून घ्या, मासळी घ्यायचीय." मावशीसाठी बांगडे घेतले. दहा मिनिटं म्हणता अर्धा तास गेला.