वॉन्डरिंग सॅलमँडर : या हिवाळ्याची नोंद

मंडळी, वॉन्डरिंग सॅलमँडर अखेर दिसला! सॅलमँडर म्हणजे बेडकासारखाच उभयचर, पण शेपटीवाला, दिसायला सरड्यासारखा. आंबोलीच्या पावसात बेडूक शोधत या नादाला लागलेल्या माणसाला सॅलमँडरचं किती अप्रूप असतं ते तुम्ही जाणताच. महाराष्ट्रात तो नाहीच.

जागा उत्तर कॅलिफोर्नियातलं प्रेअरी क्रीकचं जुनं रेडवूड या प्रचंड उंच सूचिपर्णी झाडांचं जंगल. दिवसभर पाऊस पडून गेलेला, रात्र, हवा गार पण बोचरी नाही. पायवाटेलगत आडव्या पडलेल्या खोडाच्या भेगेतून डोकं आणि पुढचे पाय बाहेर आलेले. तपकिरी-काळं अंग, त्यावर पितळी शिंतोडे, लांब बोटांची टोकं चौकोनी. मॅक्रो लेन्समधून त्या टोकांतलं रक्त लालसर दिसतं. पाऊल उचलायच्या आधी तिथं रक्त भरतं आणि पकड सुटायला मदत होते, असं 2025 च्या एका अभ्यासात मांडलंय. फोटो काढले, हात लावला नाही.

पण याचं खरं घर वर. म्हाताऱ्या रेडवूडच्या बेचक्यांत पानगळ साठून कुजते, माती होते, त्यात नेचे रुजतात आणि पावसाचं, धुक्याचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवतात. या प्राण्याला फुफ्फुसं नाहीत, श्वास कातडीतून, म्हणून ओल हवीच. अंड्यातून थेट छोटा सॅलमँडर बाहेर येतो, त्यामुळे डबक्याचीही गरज नाही. वरून पडलाच तर पाय फाकून, शेपटीनं दिशा सांभाळत उतरतो. 2022 मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं, तेव्हा पडण्याचा वेग दहा टक्क्यांपर्यंत कमी झालेला आढळला.

म्हणूनच मला वाटतं, आपण ओंडके जरा जास्तच धुंडाळतो. नवीन लावलेल्या रेडवूडवर असे नेच्यांचे गादे नसतात. ते साठायला शतकं लागतात, आणि मूळ जुनं जंगल आता पाचेक टक्केच उरलंय. त्यातल्या पडलेल्या खोडांची साल कृपा करून उचकटू नका. भेगेतली ओल एकदा उडाली की ती जागा त्याच्या कामाची राहत नाही.

आता दिवसाउजेडी दुर्बिणीनं शेंडे न्याहाळतोय. कुठल्या झाडावर गादे आहेत ते नकाशावर टिपतोय, म्हणजे वादळानंतर त्यांच्या बुंध्याशी पडलेले नेचे आधी पाहता येतील. कुणी या पट्ट्यात हिंडत असेल तर गाद्यांचे फोटो जरूर टाका, सॅलमँडर दिसला नसला तरी चालेल.