कूलरवाल्यानं बनवलेला हीटर

"काऊन जी, लोक माझ्याकडे थंड हवा मागायले येतात अन् तुम्ही गरम मागून राहिले?" नागपूरच्या इतवारीतल्या कूलरवाल्यानं गाडीच्या हीटरचं चित्र काढलेला माझा कागद उलटसुलट करून पाहिला. डिसेंबर होता, हाताला काम नव्हतं, म्हणून ऐकून तरी घेतलं. मे महिन्यात त्यानं मला दारात उभं केलं नसतं.

गाडी आमच्या काकांची. १९६५ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन सीटची, कापडी हूडची. १९७८ साली कामठीच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली. त्या काळी या गाडीत हीटर जास्तीचे पैसे मोजून घ्यायची वस्तू होती आणि ज्यानं ती मुळात मागवली त्यानं ते पैसे वाचवले. मेमध्ये पारा ४५च्या वर जाणाऱ्या गावात कोण हीटर घेईल? पण पहाटे पाचला रामटेकला निघून पाहा. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात ३.५ डिग्री होतं. हूडच्या फटींतून वारा येतो, त्याला मफलर आहे. पायांचं काय करायचं?

मूळचा हीटर म्हणजे इंजिनमागच्या पत्र्यावरचा एक मोठा डबा, त्यातून काचेकडे अन् पायांकडे जाणाऱ्या वाटा, झडपा, केबली. मागवायला महाग, बसवायला डोकेदुखी. मी ठरवलं, एक डबा, एक पंखा, एक कॉक म्हणजे पाण्याची तोटी. झडप नाही, केबल नाही. कॉक बॉनेटखाली, दिवाळीत उघडायचा, होळीला बंद करायचा.

आपल्याकडे एक सोय अशी की हे इंजिन मेकॅनिकला परकं नाही. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन आणि जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीज घराण्यातली. सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूला गरम पाणी काढायची जागा असते. आमच्या गाडीत तिथं पट्टी ठोकलेली होती. ती काढून कॉक बसवला. तिथून पाणी डब्यातल्या कोरमध्ये, म्हणजे छोट्या रेडिएटरसारख्या नळ्यांच्या जाळीत, आणि कोरमधून परत रेडिएटरच्या खालच्या होसमध्ये, पितळी टी म्हणजे तीन तोंडांचा जोड टाकून. म्हणजे पाणी फिरवायचं काम गाडीचा वॉटर पंपच करतो.

पितळी टाक्यांचं छोटं कोर भंगारात मिळालं, कुठल्या गाडीचं ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. रेडिएटरवाल्यानं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यात सायकलचा पंप लावला आणि कोर बादलीत बुडवलं. एका कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, माळेसारखे. तिथं डाग दिला, पुन्हा बुडवलं. पाणी गप्प.

डबा मात्र कूलरवाल्याचाच. २२ गेजचा जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, खिळ्यानं रेघ ओढून, अँगलवर ठेवून लाकडी मोगरीनं वाकवलेला. माझ्या कागदावर नव्हतं ते त्यानं स्वतःहून केलं, तळाला किंचित उतार आणि कोपऱ्यात नळी. "पाणी गळलं तर जाईन कुठं? तुमच्या पायावर?" आयुष्यभर पाण्याच्या टाक्या बनवणारा माणूस. उकळतं कूलंट पायांवर येऊ शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नळी गाडीच्या तळातून खाली काढली.

डबा डाव्या सीटच्या पायांपुढे, डॅशखाली अडकवला. एका छोट्या कारचा ड्रमसारखा ब्लोअर, १० अँपिअरचा फ्यूज, एक स्विच. गाडी सुरू केली, वीस मिनिटं फिरवली, पंखा लावला. कोणी लांबून फुंकर घालावी तशी हवा आणि तीही कोमट.

आधी हवा अडकली असेल म्हणून पुढची चाकं फळ्यांवर चढवली, रेडिएटरचं झाकण सगळ्यांत उंच आणलं, इंजिन चालवून बुडबुडे काढले. थोडे निघाले. फरक शून्य.

फुंकरीचं कारण दोन दिवसांनी सापडलं. या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. १९६७च्या अखेरीस कंपनीनं ते बदललं. इलेक्ट्रिशियननं सवयीनं पंख्याची काळी, म्हणजे मायनसची, वायर बॉडीला दिली होती आणि पंखा उलटा फिरत होता. साधा पाती-पंखा असता तर हवा आत ओढली गेली असती आणि लगेच कळलं असतं. ड्रमचा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा बाहेरच फेकतो, फक्त जेमतेम. वायरींची अदलाबदल केली आणि डॅशवरचे कागद उडाले.

हवा भरपूर, पण कोमटच. शेवटी नजर डॅशवरच्या काट्यावर गेली. तो फॅरनहाइटमध्ये आहे आणि हिवाळ्यात कायम १४०च्या आसपास, म्हणजे साठ सेल्सियस. ही गाडी गरमच होत नाही, असं मी वर्षानुवर्षं कौतुकानं सांगत आलो होतो. इंजिनावरचं थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नव्हताच. कुठल्यातरी मे महिन्यात कुणीतरी काढून फेकला होता. आपल्याकडे हा सर्रास इलाज आहे. थर्मोस्टॅट नसला की पाणी थंड असतानाही थेट रेडिएटरमध्ये पळतं, मग डब्यात गरम पाणी येणार कुठून? आणि उन्हाळ्यातल्या दुखण्याचं मूळ तर वेगळंच होतं. रेडिएटर उतरवून रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून त्या साफ केल्या, तेव्हा नळ्यांतून खडूसारखा पांढरा थर निघाला.

अ‍ॅम्बेसेडरचे दोन थर्मोस्टॅट आणले, घरी पातेल्यात दोऱ्यानं लटकवले, शेजारी थर्मामीटर. एक ७४ला उघडला, दुसरा ८२ला. बायकोनं पातेलं पुन्हा स्वयंपाकात घेणार नाही असं जाहीर केलं. ८२चा बसवला. दुसऱ्या दिवशी बाहेर ११ डिग्री असताना डब्याच्या तोंडाशी ४८ मोजले.

रामटेकच्या वाटेवर आईनं मनसरच्या आधीच शाल काढून मांडीवर घेतली. माझा उजवा पाय मात्र अजून गारच राहतो, डबा डावीकडे आहे ना. तिकडे एक छोटा डक्ट काढायला हवा म्हणून फेब्रुवारीत इतवारीत गेलो. दुकानाबाहेर फुटपाथभर कूलरचे सांगाडे लागले होते. त्यानं मान वर न करताच सांगितलं, "आता दिवाळीनंतर या भाऊ, सीझन सुरू झाला."