बाँड रद्दीत टाकायच्या आधी

पॉलिसीचे पैसे हातात पडले की पॉलिसी संपली, असंच आमच्याकडे सगळे धरून चालतात. काकूही तेच म्हणत होती. "अगं, त्याचे पैसे २०१९ लाच आले. त्यातच तर माडी चढवली." काका जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मी विट्याला त्यांची कागदपत्रं लावत बसले होते. त्यांच्या विमा पॉलिसीचा बाँड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, रद्दीच्या ढिगावर पडलेला.

पहिल्या पानावर प्लॅनच्या रकान्यात १४९-१५ असं छापलेलं होतं. १४९ म्हणजे एलआयसीची जुनी जीवन आनंद, १५ म्हणजे मुदत. काकांनी ती २००४ मध्ये घेतली होती. या पॉलिसीची गंमत अशी की मुदत संपल्यावर विमा रक्कम आणि बोनस मिळतो, हप्ते थांबतात, पण विमा थांबत नाही. पुढे माणूस कधीही गेला तरी मूळ विमा रक्कम वारसदाराला पुन्हा मिळते. बोनस नाही, तो आधीच दिलेला असतो. काकांची रक्कम १ लाख.

त्याआधी माझ्या भावाने एलआयसीच्या वेबसाइटवर दावा न केलेल्या रकमांच्या यादीत काकांचं नाव आणि जन्मतारीख टाकून बघितली होती. काहीच आलं नाही, म्हणून त्याने विषय सोडून दिला. पण तिथे नाव येणार तरी कसं? जी रक्कम देय झाली आणि कुणी नेली नाही, ती त्या यादीत. काका गेले हे एलआयसीला कळवलंच नव्हतं, त्यांच्या हिशेबी काका हयात! यादी कोरी निघाली म्हणून गप्प बसू नका, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

कागद फार नव्हते: मूळ बाँड, मृत्यूचा दाखला, दाव्याचा ३७८३ नंबरचा फॉर्म, काकूचं आधार-पॅन आणि पैसे थेट खात्यात जमा व्हावेत म्हणून रद्द केलेला चेक. अडलं ते नावावर. बाँडवर नॉमिनी म्हणून काकूचं नुसतं नाव, आधारवर त्यालाच 'बाई' जोडलेलं. दोन्ही बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. (आपल्याकडच्या बायकांच्या नावांवर नोटरी लोकांचे संसार चालत असावेत.) नॉमिनी हयात होती हे नशीबच. लग्नाआधीच्या पॉलिसीवर बहुतेकदा आईचं नाव असतं आणि ते बदलायचं राहून जातं. मग वारसांची सगळी कागदपत्रं उभी करावी लागतात.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, पण काकूचा मेसेजवर विश्वास नाही. पासबुक भरून आणायला लावलं. ते बघता बघता तिने तिच्या भाच्याच्या बायकोला फोन लावला. भाचा गेल्या वर्षी चाळिशीतच गेला. त्याच्या पासबुकात मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची नोंद आहे का बघ, म्हणाली. ती नोंद पंतप्रधान जीवन ज्योती विम्याच्या हप्त्याची, विमा २ लाखांचा. तो दावा बँकेतच करायचा असतो. हे तिला मीच सांगितलं होतं, पण फोनवर ती अशी बोलत होती की जणू बँक तिचीच.