पायथन, मराठी नावं आणि अडून बसलेला 'ऱ्य'

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हेरिएबलला, म्हणजे माहिती साठवायच्या कप्प्याला, मराठी नाव देता येतं. २००८ साली पायथन ३ आलं तेव्हापासून देता येतं. तरी इथे इंदुरात एका कोचिंगच्या सरांनी माझ्या भाचीला ठणकावून सांगितलं, "देवनागरी चालतच नाही, सगळी नावं इंग्रजीत कर." तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

काम रामबागेतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीचं. वर्गणी दोन हप्त्यांत येते, तिचा हिशेब ठेवायचा होता. पुढे तो बघणार मंडळातलीच माणसं, म्हणून नावं मराठीत असावीत हा माझा हट्ट. सुरुवात सुरळीत झाली. वर्गणी देणाऱ्यासाठी भाचीने इंग्रजी 'फ्रॉम' (from) घेतलं होतं; तो पायथनने स्वतःसाठी राखून ठेवलेला, म्हणजे राखीव शब्द. 'कोणाकडून' केलं, मिटलं.

मग 'पहिल्या_हप्त्याची_रक्कम' चाललं आणि 'दुसऱ्या_हप्त्याची_रक्कम' अडलं. "मावशी, दोन्ही सारखीच तर लिहिलीत!" भाची रडकुंडीला आली. इथेच सरांचं ते वाक्य ऐकावं लागलं. पण एक नाव चालतं आणि दुसरं नाही, तर दोष देवनागरीचा कसा?

एररमध्ये 'नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर यू+२००डी' असं लिहिलं होतं. सरांनी ते वाचलंच नाही. मी नावातलं एकेक अक्षर सुटं छापून घेतलं. र, मग पाय मोडायचं चिन्ह, मग रिकामी जागा, मग य. ती रिकामी जागा म्हणजेच ते यू+२००डी, झिरो विड्थ जॉइनर: अक्षरं जोडणारं, पण स्वतः न दिसणारं चिन्ह. भाचीने नाव मोबाइलवर टाइप करून मला पाठवलं होतं. काही कीबोर्ड 'ऱ्य' असाच जोडतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण पायथनला नावात हे चिन्ह चालत नाही. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात मात्र खुशाल चालतं.

नुसतं ते चिन्ह पुसू नका, 'ऱ्य'चा रफारवाला 'र्य' होतो. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्या, त्याचा पाय मोडा, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की हा ऱ येतो. एवढं केलं आणि हिशेब धडाधड चालला. भाचीने लगेच सरांना स्क्रीनशॉट पाठवला, मीच पाठवायला लावला.

हो, आणखी एक. नावाची सुरुवात आकड्याने करता येत नाही, देवनागरी आकड्यानेही नाही. 'हप्ता१' चालेल, '१ला_हप्ता' नाही. नाव चालेल का हे आधीच बघायचं तर पायथनमध्ये 'इजआयडेंटिफायर' (isidentifier) आहे, पण ते 'फ्रॉम'लासुद्धा हो म्हणतं. राखीव शब्दांसाठी पायथनच्याच 'कीवर्ड' (keyword) मॉड्यूलमधलं 'इजकीवर्ड' (iskeyword) वेगळं चालवावं लागतं.