दोन दिवस ‘प्लीज वेट’ बघत बसलेली मुलगी

नव्या पेठेत गांजवे चौकाच्या आतल्या बाजूला माझं झेरॉक्स-प्रिंटचं छोटं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, एक स्कॅनर. आजूबाजूला सगळ्या अभ्यासिका आणि मेस, त्यामुळे हॉल तिकीट, डोमिसाइल, नॉन क्रीमी लेयर हेच दिवसभर चालू असतं. तिन्ही कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम, आणि ते हौस म्हणून नाही, पोरांच्या पेनड्राइव्हमधून इतके व्हायरस यायचे की महिन्यातून दोनदा विंडोज नव्याने टाकायला लागायचं, शेवटी एका उन्हाळ्यात सगळं काढलं आणि उबुंटू नावाचं लिनक्स टाकलं, तेव्हापासून त्या बाबतीत शांत आहे.

ही गोष्ट २०२२ च्या जूनमधली, पालख्या पुण्यात आल्या त्या दिवशीची. कोरोनामुळे दोन वर्षं वारी पायी निघालीच नव्हती, त्यामुळे त्या वर्षी गर्दी विचारू नका. दुपारनंतर लकडी पूल बंद, अलका चौक बंद, लक्ष्मी रोड तर बंदच. मी शटर अर्धं ओढून दर्शनाला निघायच्या तयारीत होतो तेवढ्यात ती मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आली.

ओळखीची होती. सांगोल्याकडची, एमएस्सी झालेली, नारायण पेठेत रूमवर राहायची. तिच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज पार रडत होतं म्हणून आदल्या वर्षी मीच त्यात लिनक्स टाकून दिलं होतं आणि आता काही अडचण येणार नाही असं छातीठोक सांगितलं होतं. आता ती म्हणाली, “दादा, परदेशातल्या ॲडमिशनचं झालंय, व्हिसाचा फॉर्म आहे, आज रात्री बाराला लिंक बंद होतीय, पण फॉर्म उघडेचना. परवापासून नुसतं थांबा म्हणतोय.”

मी म्हटलं, “परवापासून?”

“हो. नेट स्लो असेल म्हणून काल रात्रभर लॅपटॉप चालू ठेवून झोपले. सकाळी बघितलं तरी तेच.”

स्क्रीनवर एकच पान. वर मोठ्या अक्षरात प्लीज वेट, आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजीत, की हा मजकूर जाऊन त्या जागी फॉर्म आला नाही तर तुमच्या पीडीएफ व्ह्यूअरला असली फाइल दाखवता येत नसेल. पोरीने पहिली ओळ खरी मानली. का नाही मानणार? थांबा म्हटल्यावर माणूस थांबतो. मी ते पान त्याआधी पाहिलेलं होतं म्हणून मला माहीत होतं की तिथे काहीच लोड होत नसतं, वर्षभर थांबलं तरी ते पान हलणार नाही. तिचे दोन दिवस त्या एका ओळीपायी गेले, याचा मला आजही राग येतो.

तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि आधी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पीडीएफइन्फो चालवलं. ही बारकी कमांड आहे, फाइल न उघडता तिची जन्मपत्रिका सांगते. पानं १, आणि फॉर्मच्या पुढे लिहिलेलं, एक्सएफए. म्हटलं, इथेच आहे सगळं.

तिला समजावलं ते असं. पीडीएफ १९९३ साली ॲडोबीने आणलं, २००८ मध्ये ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक झालं, म्हणून आज कोणत्याही कंपनीचा, कोणाच्याही घरचा रीडर साधी पीडीएफ व्यवस्थित उघडतो. पण २००३ च्या सुमाराला पीडीएफच्या पोटात आणखी एक प्रकार घालायची सोय आली, एक्सएफए. त्यात पीडीएफ म्हणजे नुसता लिफाफा. आतल्या पत्रात एक्सएमएल असतं, म्हणजे खुणा घालून लिहिलेला मजकूर, कुठे कोणता रकाना, कोणतं बटण दाबल्यावर काय व्हायचं, सगळं त्यात, आणि ते वाचून फॉर्म जागच्या जागी मांडायचं काम रीडरने करायचं. ज्या रीडरला हे येत नाही त्याला लिफाफ्यावरचा कागद तेवढा दिसतो, आणि तो कागद म्हणजे हेच प्लीज वेट. २०१७ च्या पीडीएफ २.० मानकात तर हा प्रकार कालबाह्य ठरवून टाकलाय. तरी फॉर्म काढणारे काढतातच.

ती म्हणाली, “म्हणजे माझ्या लॅपटॉपची चूक नाही?”

म्हटलं, “नाही गं. ना तुझी, ना लॅपटॉपची.”

सरळ उपाय म्हणजे ॲडोबीचा स्वतःचा रीडर चालेल असा विंडोजवाला कॉम्प्युटर गाठायचा. वरच्या मजल्यावरच्या सीएंचं ऑफिस दुपारीच बंद झालेलं. तिची मैत्रीण वाकडला, पण त्या दिवशी पूल ओलांडून वाकडला जाणं आणि रात्रीच्या आत परत येणं शक्यच नव्हतं. बाहेरून टाळांचा आवाज यायला लागला होता. जे काही करायचं ते दुकानातच.

पहिल्यांदा फायरफॉक्स. बऱ्याच जणांना माहीत नाही, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ९३ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स एक्सएफए फॉर्म दाखवतो, आणि माझ्याकडे १०१ होतं. फाइल त्यात टाकली आणि सेकंदात अख्खा फॉर्म समोर! नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, सगळे रकाने. पोरगी खुर्चीतून उठूनच उभी राहिली. भरायला लागली. मीही सुटलो असं वाटलं आणि एका वारकरी काकांच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स काढायला गेलो.

वीसेक मिनिटांनी हाक आली. शिक्षणाच्या भागात बीएस्सी भरून झालं होतं, एमएस्सीसाठी आणखी एक ओळ पाहिजे होती, त्यासाठी अधिकचं बटण होतं, ते दाबलं तर काहीच होत नव्हतं. मी शेवटच्या पानावर जाऊन व्हॅलिडेटचं बटण दाबून बघितलं, तेही मुकं. खरी गोम तिथेच होती, कारण व्हॅलिडेट झाल्यावरच शेवटी बारकोडचं पान तयार होतं आणि त्या बारकोडशिवाय फॉर्म घेत नाहीत असं सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलेलं. म्हणजे रकाने दिसत होते पण बटणांमागची स्क्रिप्ट चालत नव्हती. फायरफॉक्सने जेवढं केलं तेवढंही खूप आहे, पण आमचं काम तेवढ्यावर भागणारं नव्हतं. तिचा चेहरा परत पडला.

मग मी बॅकअपची जुनी हार्ड डिस्क काढली. ॲडोबीचा अक्रोबॅट रीडर पूर्वी लिनक्ससाठीही यायचा, ९.५.५ ही त्याची लिनक्सवरची शेवटची आवृत्ती, मे २०१३ ची. तिची डेब फाइल, म्हणजे उबुंटूवरचा इन्स्टॉलर, मी जपून ठेवलेली. इन्स्टॉल केलं, चालवलं, तर टर्मिनल म्हणतं, अशी फाइलच नाही. आणि फाइल तर समोर! फोल्डर उघडून बघितलं, आहे, परवानग्या बरोबर, साइज बरोबर, तरी म्हणतं नाही. हे पहिल्यांदा बघणारा माणूस वेडा होईल. मला एकदा याच्यात अख्खा रविवार गेलेला म्हणून माहीत होतं, प्रोग्रॅम जुन्या ३२ बिट पद्धतीचा आणि कॉम्प्युटर नव्या ६४ बिटचा, त्यामुळे जो लोडर हा प्रोग्रॅम मेमरीत चढवतो तो ३२ बिटचा लोडरच मशीनमध्ये नसतो. सापडत नाही तो लोडर, पण नाव येतं प्रोग्रॅमचं. उबुंटूत प्रोग्रॅम बसवणाऱ्या डीपीकेजीला आय३८६, म्हणजे ३२ बिटचं, आर्किटेक्चर जोडून दिलं, खिडक्या-बटणं काढणाऱ्या जीटीकेच्या आणि एक्सएमएलच्या ३२ बिटच्या लायब्ररी ओढल्या. टर्मिनलमध्ये थीम इंजिन सापडत नाही म्हणून वॉर्निंगच्या ओळी धडाधड पडल्या, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नसतं, आणि खिडकी उघडली, ती जुनी करडी खिडकी. फॉर्म टाकला. फॉर्मच म्हणाला, याच्यापुढची आवृत्ती लागेल.

इथे एक सांगतो. हा ९.५.५ कोणी हौसेने टाकून रोज वापरू नका. २०१३ नंतर त्याला सुरक्षेचं एकही अपडेट नाही आणि अनोळखी पीडीएफ त्यात उघडणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून झोपणं. मी नेटची केबल काढूनच तो चालवला आणि काम नाही म्हटल्यावर लगेच काढून टाकला.

सात वाजून गेले होते. चौकाकडून ग्यानबा तुकारामचा गजर आता दुकानाच्या भिंतीपर्यंत येत होता. ती म्हणाली, “दादा, तुम्ही जा दर्शनाला, मी बघते काहीतरी.” काय बघणार होती? म्हटलं, बस तू.

शेवटचा रस्ता वाइनचा, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची सोय. त्याच हार्ड डिस्कवर ॲडोबीच्या रीडरच्या ११ व्या आवृत्तीचा विंडोजचा ऑफलाइन इन्स्टॉलर होता. वाइनमध्ये ३२ बिटचं वेगळं घर करून दिलं, इन्स्टॉलर सुरू केला, अर्ध्यात थांबला. त्याला विंडोजची पॅच लावणारी एक डीएलएल, म्हणजे मदतीची फाइल, लागते, एमएसपॅचए, ती वाइनट्रिक्स या वाइनच्या जोड-साधनाने आणून टाकली, परत पहिल्यापासून. या वेळी शेवटपर्यंत गेला. उघडल्याबरोबर एक चौकट, की प्रोटेक्टेड मोड या सिस्टिमवर चालत नाही, बंद करून उघडू का? हा मोड म्हणजे फाइलला पिंजऱ्यात ठेवून उघडायची सोय, वाइनमध्ये ती चालत नाही. एका ओळखीच्या फाइलपुरतं ठीक आहे म्हणून हो म्हटलं.

फॉर्म टाकला. आधी तेच पान आलं, प्लीज वेट. आम्ही दोघं श्वास धरून बसलो, तिने तर डोळेच मिटून घेतले. तीन-चार सेकंदांनी पान झटक्यात बदललं आणि फॉर्म आला. अधिकचं बटण दाबलं, एमएस्सीची ओळ उमटली! त्या एका रिकाम्या ओळीकडे बघून ती पोरगी जी रडायला लागली, मला काय बोलावं सुचेना, मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

परत सगळं पहिल्यापासून भरलं. तिने वाचायचं, मी टाइप करायचं, मग तिने तपासायचं. मध्ये एकदा खिडकी गोठली आणि सात-आठ रकाने गेले, त्यानंतर दर पानाला सेव्ह. सव्वादहाला व्हॅलिडेट दाबलं, दोन लाल रकाने दाखवले, एकात पासपोर्टची तारीख उलटी पडली होती, ती सरळ केली, परत दाबलं, आणि शेवटी काळ्या ठिपक्यांच्या चौकोनांचं पान आलं. बारकोड.

ती म्हणाली, “प्रिंट टू पीडीएफ करू का?” मी हातच धरला तिचा. असल्या फॉर्मात तिथेच घात होतो. प्रिंट करून पीडीएफ काढली की फॉर्मचं चित्र होतं, आतलं एक्सएमएल जातं, बारकोड डोळ्यांना दिसतो पण फाइलमध्ये माहिती उरत नाही, आणि तिथल्या सूचनांमध्ये भरलेली मूळ फाइलच अपलोड करा असं होतं. म्हणून नुसतं सेव्ह. मग त्या सेव्ह केलेल्या फाइलवर पीडीएफइन्फो पुन्हा चालवलं, एक्सएफए जागेवर आहे ना बघितलं, आणि अपलोड. अकराला दहा कमी असताना पोच आली. तिची प्रिंट काढून तिच्या हातात दिली, पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता.

शटर ओढून दोघं चौकापर्यंत गेलो. पालख्या कधीच पुढे मुक्कामाला गेल्या होत्या, रस्त्यावर तुळशीची पानं आणि चपला, आणि मागे राहिलेल्या दिंड्यांमधले चार-पाच वारकरी फुटपाथवर टेकलेले. तिने तिथूनच हात जोडले, मीही जोडले, आणि तिला रूमच्या गल्लीपर्यंत सोडून आलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून झाडून घेत होतो तर ती परत दारात. मागे दोन पोरी, दोघींच्या हातात मोबाइल, दोन्ही मोबाइलवर तेच पान.

“दादा, यांचंपण प्लीज वेट झालंय.”