लिंकनचं आजोळ : ल्यूसीची गाठ सुटली, नॅन्सीची बाकी

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या वंशवृक्षात आजोळच्या शाखेत अखेर एक पिढी पक्की झाली. आई नॅन्सी हँक्स, आणि नॅन्सीची आई ल्यूसी असं मी मानतो. ल्यूसी हँक्स स्पॅरो ही जोसेफ हँक्स आणि अ‍ॅन ली यांचीच मुलगी. २०१५च्या एमटीडीएनए (फक्त आईकडून मुलांना मिळणारा डीएनए) अभ्यासात ल्यूसीच्या आणि तिच्या बहिणींच्या मातृरेषा एकच निघाल्या. हॅप्लोग्रुप (समान पूर्वजाचा जनुकीय गट) एक्स१सी, तोही अतिशय दुर्मीळ. काहीजण ल्यूसीला ज्यांच्या घराण्यातली मानतात, त्या शिप्ली बहिणींची रेषा वेगळी. त्यामुळे ‘ल्यूसी म्हणजे शिप्लीची मुलगी, जेम्स हँक्सची विधवा’ ही शाखा झाडातून काढून फक्त टिपेत ठेवली आहे.

ही पद्धत इतर झाडांवर वापरायची असेल तर ऑटोसोमल (आईबाप दोघांकडून मिसळून येणारा डीएनए तपासणाऱ्या) किटवर पैसे घालू नका. सहा-सात पिढ्यांनंतर दूरच्या भावंडांत सामाईक तुकडा उरेलच याची खात्री नसते. एमटीडीएनएचा छोटासाच भाग वाचणारी जुनी एचव्हीआर१ चाचणीही अपुरी पडते. सगळ्या १६,५६९ जागा वाचणारी पूर्ण चाचणीच घ्यावी. आणि देणारी व्यक्ती सलग मुलीकडून मुलीकडे आलेल्या रेषेतली हवी. शेवटचा मुलगा चालतो, मधला नाही.

आता अडलेली जागा. ल्यूसी ते नॅन्सी हा सांधा अशा चाचणीने जोडता येत नाही. नॅन्सीची एकुलती मुलगी सारा ग्रिग्जबी २० जानेवारी १८२८ला बाळंतपणात गेली, मूलही वाचलं नाही. अब्राहमकडे आईचा एमटीडीएनए होता, पण तो त्याचा मुलगा रॉबर्टकडे गेला नाही. नॅन्सीची रेषा तिथेच खुंटली, म्हणून पुन्हा कागदांकडे.

गोंधळाचं मूळ एकच : नॅन्सी हँक्स नावाच्या बायका एकाहून अधिक. जोसेफचं मृत्युपत्र (नेल्सन काउंटी, केंटकी, जानेवारी १७९३) मुलगी नॅन्सीला एक कालवड देतं. १८९९च्या एका पुस्तकाने तीच लिंकनची आई ठरवली आणि ते मत आजही झाडाझाडांत कॉपी होतंय. प्रत्यक्षात ती मावशी नॅन्सी, डेनिस हँक्सची आई, पुढे लीव्हाय हॉलची बायको. त्या नॅन्सीला अब्राहमची आई केलं की ल्यूसी आजीऐवजी मावशी होते आणि पुढचं सगळं एका पिढीने सरकतं.

दुसरा सापळा नॅन्सीच्या लग्नाच्या बाँडचा (हमीपत्राचा). १० जून १८०६, रक्कम ५० पौंड, सह्या थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी यांच्या. बेरीने स्वतःला पालक म्हटलंय. त्यावरून नॅन्सी अनाथ आणि रिचर्डची आई रेचल शिप्ली तिची मावशी, असा इमला रचला गेला. पण वधू बावीस वर्षांची, तिला कायद्याने पालक लागतच नव्हता. बाँडवरच्या सहीने रक्ताचं नातं सिद्ध होत नाही. ग्रॅम्प्स या वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये बेरीला नातेवाईक न करता ‘असोसिएशन’मध्ये (नात्याबाहेरचा संबंध) टाकणं योग्य.

ल्यूसीच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा लिंकनचा वकिलीतला भागीदार हर्नडन याचा. सुमारे १८५०मध्ये एका खटल्याला जाताना बग्गीत लिंकननेच सांगितलं, की आई ल्यूसीची अनौरस मुलगी, बाप व्हर्जिनियातला सधन माणूस. ही मागाहून लिहिलेली आठवण, म्हणून दर्जा दुय्यम. तरी मर्सर काउंटीचे कागद तिला पूरक आहेत : नोव्हेंबर १७८९ला ल्यूसीवर ग्रँड ज्युरीचा विवाहबाह्य संबंधांचा आरोप, एप्रिल १७९०ला हेन्री स्पॅरोशी लग्नाचा परवाना.

एक छोटा विजयही नोंदवायलाच हवा. ग्रॅम्प्समध्ये ठिकाणाला तारखांसह वरचं ठिकाण जोडता येतं. लिंकनचं जन्मस्थान १८०९ला हार्डिन काउंटीत, १८४३पासून लारूमध्ये; दोन्ही आता आपोआप बरोबर दिसतात. हे केल्याशिवाय केंटकीच्या वाटेला जाऊ नये. लग्नाची नोंद वर्षानुवर्षं हार्डिनमध्ये शोधली गेली आणि १८७८च्या सुमारास सापडली वॉशिंग्टन काउंटीत. एवढं फुकटचं सॉफ्टवेअर, पण ठिकाणांच्या बाबतीत याच्या तोडीचं दुसरं नाही.

पुढचा टप्पा ल्यूसी आणि हेन्रीच्या मुलांचा, म्हणजे स्पॅरो मुलांचा ठरला होता. पण हर्नडनचा परिच्छेद लिहिताना क्रम बदलावासा वाटतोय. नॅन्सीची रूढ जन्मतारीख ५ फेब्रुवारी १७८४. म्हणजे खरा प्रश्न मे १७८३मध्ये ल्यूसी कुठे होती हा. व्हर्जिनियातल्या रिचमंड काउंटीत किनारपट्टीवर, की आईबापांसोबत हॅम्पशायर काउंटीच्या डोंगरात? ‘सधन बापा’च्या उमेदवारांची यादी यावरच ठरेल. करयाद्यांत बायकांची नावं सहसा येतच नाहीत, त्यामुळे ल्यूसीचं नाव नसण्याला अर्थ नाही; जोसेफच्या हालचालीवरूनच अंदाज बांधावा लागेल. ९ मार्च १७८४ला त्याने हॅम्पशायरमधली १०८ एकर जमीन पीटर पुटनमकडे गहाण टाकली, हे दुसरं टोक. पहिलं टोक १७८२च्या कुटुंबप्रमुखांच्या यादीतून पकडायचं. स्पॅरो मुलं त्यानंतर.

वडिलांच्या बाजूला नवं काही नाही. अमेरिकेत आलेला पूर्वज सॅम्युएल (१६३७, हिंगहॅम) ते अब्राहमचे वडील थॉमस सलग. फक्त हिंगहॅमच्या सॉलोमन लिंकनशी झालेला मार्च १८४८चा पत्रव्यवहार आता अब्राहमच्या पानाला जोडलाय. त्यावरून अब्राहमला स्वतःला आजोबांपलीकडे किती धूसर दिसत होतं ते कळतं. जेडकॉम फाइल (झाड दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येणारी) हॅम्पशायरचं काम झाल्यावरच देतो, अर्धवट झाड पसरायला नको.